डॉक्टरांचं नुकसान

३ फेब्रुवारी

भावजी,

पत्राला उशीर झाला म्हणून रुसू नका. रुसायचं असेल तर इकडे येऊन रुसा, पत्रातलं रुसणं मला दिसत नाही. चष्म्याचा नंबरही वाढलाय.

एक विचारायचंय. गोष्ट तुमच्याच खात्यातली आहे, म्हणून तुम्हालाच विचारते. तुमचे दादा गेल्यापासून डॉक्टर मला दर सोमवारी बोलावतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. बीपी बघतात, छातीला नळी लावतात, घोटे दाबून खळगा पडतो का ते पाहतात. दोन वाक्यं बोलतात. मी उठले की म्हणतात, "पुढच्या सोमवारी या." मी जाते. खरं सांगायचं तर नंबर लागायच्या कितीतरी आधी जाऊन बसते. भिंतीला लागून एक लांब बाक आहे, त्यावर आमची नेहमीची मंडळी असतात. एक आहेत ते पूर्वी फुटबॉलचे पंच होते, त्यांना सगळे शिट्टी म्हणतात. गुडघे दुखतात म्हणून येतात आणि रांगेत कोणी पुढे घुसलं की अजूनही हात वर करतात. मी सगळ्यांचे कोपर न्याहाळते. इतकी वर्षं लाँड्रीत रफू केलं, आता कोणाच्याही बाहीला भोक दिसलं की माझा हात शिवशिवतो. निघताना घसा जरा कोरडा झालेला असतो, इतकं बोलणं होतं. बाकीचा आठवडा तो घसा काही कामाला येत नाही.

तर परवाच्या सोमवारी डॉक्टरांनी वर न बघता सांगितलं, "आता तीन महिन्यांनी या. मध्ये यायची गरज नाही." मला वाटलं चुकून म्हणाले. बाहेर आले तर सिस्टर म्हणाल्या, यापुढे आधी फोन करायचा, यायलाच हवं का ते त्या ठरवणार. बाकही काढून टाकलाय. त्या जागी खुर्च्या ठेवल्यात, त्याही सुट्या सुट्या.

माझं काय चुकलं असेल? मागच्या महिन्यात मी चारचौघांत त्यांना म्हटलं होतं की तुमचा कोट कोपरावर विरलाय, आणि हट्टाने घरी नेऊन रफू करून दिला. त्यांना ते लागलं असेल का? तुम्ही आरोग्य निधीच्या ऑफिसात बसता, डॉक्टर लोकांना आतून ओळखता. खरं काय ते कळवा.

यायचं म्हणत होतात. जमलं तर या. माळ्यावरची तुमच्या दादांची पेटी मला एकटीला खाली काढता येत नाही.

तुमची
वहिनी


१५ फेब्रुवारी

ती. वहिनी,

डॉक्टर तुमच्यावर रागावलेले नाहीत. डॉक्टर कोणावर रागावला की त्याचा अर्ज माझ्या टेबलावर येतो, आणि तुमच्या नावाचा अर्ज अजून आलेला नाही. कोटाचाही काही संबंध नाही. संबंध आहे तो माझा, हे ऐकून आता तुम्ही रागवाल.

आधीची पद्धत अशी होती. पेशंट डॉक्टरसमोर बसला की डॉक्टरला निधीकडून फी मिळायची, जितक्या वेळा बसेल तितक्या वेळा. मग व्हायचं काय? माणूस वाईट असतो असं नाही, पण "पुढच्या सोमवारी या" हे शब्द तोंडात आपोआप येऊन बसतात. मी कित्येक शहरांचे आकडे तपासलेत. निम्म्याहून जास्त फेऱ्या बिनकामाच्या निघतात. म्हणून आम्ही पद्धत उलटी केली. आता डॉक्टरच्या यादीत जितकी माणसं, तितक्यांची ठरावीक रक्कम त्याला वर्षाच्या सुरुवातीलाच मिळते. तुम्ही एकदा जा नाहीतर पन्नासदा, रक्कम तीच. म्हणजे आता तुम्ही गेलात की डॉक्टरचं नुकसान, घरी बसलात की फायदा. त्याचा वेळ, सिस्टरचा पगार, तपासण्या, सगळं त्यातूनच जातं. त्यामुळे तुम्ही ठणठणीत राहावं अशी त्याचीही इच्छा असते. यातली खुबी हीच, आणि ती मी शोधलेली आहे. तुमचं शहर पहिल्या खेपेत घ्यायचं हेही मीच सुचवलं. सांगणार होतो, राहून गेलं.

तेव्हा निर्धास्त राहा. तुम्हाला बोलावत नाहीत याचा अर्थ तुम्ही बऱ्या आहात.

इकडे तेच ते. पुढच्या वर्षी निवृत्त होईन, त्याआधी ही पद्धत सगळीकडे लागू झालेली बघायची आहे. ऑफिसात पाठीमागे मला "बेरीज" म्हणतात, मी ऐकू न आल्यासारखं करतो. खोली बरी आहे. रविवारी आठवड्याचं रांधून ठेवतो, म्हणजे रोज ठरवावं लागत नाही. मार्चअखेरपर्यंत मान वर करायला फुरसत नाही, पण त्यानंतर नक्की येतो. पेटी तोवर माळ्यावरच असू द्या, उगाच स्टुलावर चढू नका.

तुमचा
धाकटा दीर


२८ फेब्रुवारी

भावजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा जीव भांड्यात पडला की माझं काही चुकलं नव्हतं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र लाजल्यासारखं झालं. म्हणजे आता मी जाऊन बसले की त्या माणसाच्या खिशातून जाणार. मला कुठे ठाऊक होतं! त्यांची मुलगी शिकायला बाहेर आहे, गाडी ढकलून चालू करावी लागते, आणि कोटाची गत तर मी पाहिलीच आहे. आणि मी तिथे बसून बाह्यांना नावं ठेवत होते. आपण कोणाच्या अंगावर पडू नये, हे तुमच्या दादांनी मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. मी आता फोनसुद्धा करणार नाही.

शिट्टी परवा बेकरीसमोर भेटले. त्यांनाही बोलावणं बंद झालंय. मी त्यांना तुमची पद्धत समजावली तर ते भडकले. म्हणाले, म्हणजे इतके दिवस तो आपल्याला फीसाठी बोलावत होता, आणि आपण समजत होतो की आपली चौकशी करतोय. भर रस्त्यात आमचं वाजलं. मी म्हटलं, फी तर घेत होताच, पण माझा हात हातात धरून ठेवायचा तेव्हा एकदासुद्धा घड्याळाकडे बघितलं नाही त्याने. ते म्हणाले, तेही फीतच धरलेलं असेल. मग मी त्यांच्या स्वेटरच्या उसवलेल्या बाहीवर घसरले.

सोमवारी मात्र पंचाईत होते. सवयीने सकाळीच आंघोळ करून, बरे कपडे घालून, पिशवी घेऊन तयार होते, आणि मग आठवतं. मग तशीच बसते. कपडे बदलायचं जिवावर येतं. संध्याकाळी खालच्या चपलांच्या दुकानाचं शटर पडलं की उठून दिवा लावते.

बाकी ठीक. थंडीने की कशाने बूट घट्ट होतायत. संध्याकाळी तर पायातून निघता निघत नाहीत.

मार्चनंतर याल तेव्हा आधी कळवा, गादी उन्हात घालून ठेवीन.

वहिनी


११ एप्रिल

ती. वहिनी,

बातमी चांगली आहे. पहिल्या तिमाहीचे आकडे आले. तुमच्या शहरात दवाखान्यातल्या फेऱ्या खूपच कमी झाल्या, आणि कुणाचं काही बिघडल्याचं दिसत नाही. वरिष्ठांनी बैठकीत माझं नाव घेतलं. मी नोकरीला लागल्यापासून असं दुसऱ्यांदाच घडलं असेल.

तुम्हाला हसू येईल, पण अहवालात तुम्हीही आहात. नाव नाही घातलं. "परिचयातील एका वृद्ध महिलेने पद्धत समजावून सांगताच अनावश्यक फेऱ्या स्वतःहून थांबवल्या. प्रकृती उत्तम." सगळ्यांना फार आवडलं. आमच्या आकड्यांना कधी माणसाचा चेहरा नसतो, तो तुमच्यामुळे मिळाला.

शिट्टींचं मनावर घेऊ नका. माणसाला आपण उगाच जात होतो हे कळलं की राग येतोच.

बुटांबद्दल: वयानुसार पाय पसरतात. एक नंबर मोठा घ्या आणि खाली कापडी तळवा घाला. मी तेच करतो.

मार्चअखेर सरला, पण हे यश मिळाल्याने काम उलट वाढलंय. आता उन्हाळ्यात बघू.

तुमचा
धाकटा दीर


१४ मे

भावजी,

मी अहवालात आले, हे मी खालच्या चपलावाल्यालाही सांगितलं. लाँड्रीत इतकी वर्षं काढली, पण कोणी माझ्याबद्दल ओळ लिहिली नव्हती. आता ती ओळ खोटी पडू द्यायची नाही.

तीन महिने झाले म्हणून सिस्टरांचा फोन आला होता. मी म्हटलं, ठणठणीत आहे, माझी वेळ दुसऱ्या कोणाला द्या. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, अगदी नक्की. त्यांचा आवाज ऐकून बरं वाटलं. अजून काही विचारतील म्हणून थांबले होते, पण मागे दुसरा फोन वाजत होता.

हल्ली मी तुमच्या दादांच्या खुर्चीत झोपते. पलंगावर आडवं झालं की कोंदट होतं, खुर्चीपाशी खिडकीचा वारा येतो. दोन उशा पाठीशी लावल्या की डोळा लागतो. जिनाही मी आता हप्त्याहप्त्याने चढते. पहिल्या मजल्यावर संगीत शिकवणाऱ्या बाईंच्या दारापाशी उभी राहते आणि त्यांची शिकवणी ऐकतेय असं दाखवते. त्यांना वाटतं मला गाणं आवडतं. पाव आणि दूध दोरीला टोपली बांधून वर ओढून घेते. तुम्हाला ऐकून मजा वाटेल, पण आमच्या रस्त्यावर बऱ्याच खिडक्यांना अशी टोपली लटकलेली दिसते.

परवा मोजा काढला तर बोट टेकलं तिथे खळगा तसाच राहिला, मळलेल्या पिठात राहतो तसा. डॉक्टर असते तर त्यावर पाच मिनिटं दाबत बसले असते आणि माझ्याकडे बघून भुवया चढवल्या असत्या. मग मनात आलं, पाच मिनिटं म्हणजे त्यांचे किती गेले असते? हा हिशेब तुम्हालाच जमेल. मी आपला मोजा वर ओढला.

उन्हाळ्यात याल ना? यंदा मी आग्रह करते आहे असं समजा. म्हणजे काम असेल तर राहू द्या.

वहिनी


२२ जून

ती. वहिनी,

घाईत लिहितो. पद्धत सगळ्या शहरांत लागू करायचा प्रस्ताव पुढच्या महिन्यात मंडळापुढे येतोय. त्याची सगळी जुळवाजुळव माझ्या गळ्यात आहे, त्यामुळे उन्हाळा हुकला. मला माहीत आहे, हे मी मागेही लिहिलंय.

सोबत मऊ सपाता पाठवल्या आहेत, दोन नंबर मोठ्या. दुकानदार म्हणाला, पाय सुजत असतील तर याच घ्या. मी म्हटलं, सूज नाही, वय आहे.

तुमचं अक्षर यावेळी जरा तुटक वाटलं, तुम्हीही घाईत होता बहुतेक. खुर्चीत झोपू नका, मान धरेल.

तुमचा
धाकटा दीर


९ जुलै

महाशय,

तुमची माझी ओळख नाही. तुमचा पत्ता सपातांच्या पार्सलवर मिळाला. तुमच्या वहिनी ज्या दवाखान्यात येत असत, तिथला मी डॉक्टर. त्या इस्पितळात आहेत. जीव वाचला आहे, हे आधी सांगतो.

सोमवारी सकाळी आमचे जुने पेशंट, ते पंच, दवाखान्यात आले आणि कोणाला न जुमानता थेट आत शिरले. बाईंची टोपली दोन दिवस खाली उतरली नाही, एवढंच म्हणाले. आम्ही दोघं गेलो. दार लोटलेलं होतं. बाई खुर्चीत बसलेल्या, बाहेर जायचे कपडे, मांडीवर पिशवी. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले. एका दमात दोन शब्द बोलता येत नव्हते. हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी साठलं होतं. हे एका दिवसात होत नाही, कित्येक आठवडे लागतात. सुरुवातीलाच आल्या असत्या तर पाणी काढायची एक साधी गोळी पुरली असती.

मी चिडून विचारलं की आला का नाहीत. त्या थांबत थांबत म्हणाल्या, "तुमचं नुकसान झालं असतं."

मला वाटलं भ्रमात बोलतायत. नंतर पंचांनी मला तुमची पद्धत समजावून सांगितली, तुमच्याच शब्दांत. ती मला ठाऊक आहे, मी त्यावरच जगतो. पण असं काही पेशंटला सांगायचं असतं हे मला सुचलं नव्हतं.

तुमचे आकडे खोटे नाहीत. दर सोमवारी त्यांना बोलवायची वैद्यकीय गरज नव्हती. मला फी मिळत होती. त्या आल्या की मला बरंही वाटत होतं. यातलं कशासाठी किती, हे तुम्हाला वेगळं काढता येत असेल, मला येत नाही. पण त्या बिनकामाच्या फेऱ्यांत मी घोटे दाबत होतो. नवी पद्धत आल्यावर त्या आल्या नाहीत तेव्हा मी चौकशी केली नाही. यादीतलं एक माणूस बरं आहे असं समजून पुढच्याला आत बोलावलं. त्याचं जे आहे ते माझं मी बघीन.

इस्पितळात त्यांना भेटायला येणारे पंच सोडून कोणी नाही. नातेवाईक म्हणून तुमचं नाव लिहिलं आहे.

तुमच्या वहिनींचे डॉक्टर


१४ जुलै

ती. वहिनी,

डॉक्टरांचं पत्र आलं. मी ते ऑफिसात उभ्यानेच वाचलं आणि मग बराच वेळ खाली बसायचं सुचलं नाही. शिपायाने विचारलं, साहेब, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

तुम्ही मला एका शब्दाने का कळवलं नाहीत, असं लिहिणार होतो. मग तुमची पत्रं काढून वाचली. सगळं लिहिलेलं आहे. बूट, खुर्ची, जिना, मोजा. मीच ते वाचून तुम्हाला सपाता पाठवल्या.

नुकसान हा शब्द मी सहज वापरला होता. आमच्याकडे तो दिवसभर वापरतात, तो कोणाला लागत नाही. त्यातून तुम्ही डॉक्टरवर दया करायला लागाल हे माझ्या कोणत्याच हिशेबात नव्हतं. माणूस दवाखान्यात जास्त का जातो ते आम्ही शोधलं, आणि कमी जायला लागला की सगळं साधलं असं धरून चाललो. अहवालातला तो परिच्छेद मी काढून टाकला. वरिष्ठ म्हणाले, का काढलात, छान होता. मी सांगितलं की त्या बाई आता इस्पितळात आहेत. ते म्हणाले, अरेरे, मग दुसरं कोणी बघा.

इस्पितळाच्या खर्चाची काळजी करू नका, तो निधीत बसतो. मंडळाची बैठक एकदा उरकली की येतो.

तुमचा
धाकटा दीर


१० ऑगस्ट

भावजी,

घरी आले. डॉक्टरांनी आणि शिट्टींनी मला खुर्चीसकट वर आणलं. शिट्टी दर पायरीला सूचना देत होते आणि वजन सगळं डॉक्टरांवर होतं. पाणी उतरलंय, पाय पुन्हा माझे पाय वाटतात. सपातांपैकी एकीतच आता दोन्ही पाय मावतील. रागावून लिहीत नाहीये, हसत लिहितेय.

तुम्ही स्वतःला फार दोष देऊ नका. तुम्ही मला जे सांगितलंत ते खरं होतं. मी त्याचं जे केलं ते माझं मी केलं.

आता डॉक्टरच घरी येतात, आठवड्यातून एकदा. मी पहिल्याच दिवशी विचारलं, यात तुमचं किती जातं? ते म्हणाले, काही जात नाही, उलट मिळतं. इस्पितळातून सुटलेला माणूस परत तिकडे जाऊ नये म्हणून घरभेटीचे निधी वेगळे पैसे देतो. हीसुद्धा तुमच्याच ऑफिसातली युक्ती असेल. मी म्हटलं, मग बसा निवांत. बसले. गोळ्या मोजल्या, घोटे दाबले, चहा घेतला, मुलीची तक्रार केली. पैसे मिळतात म्हणून येतात हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे. आले की घरात माणसाचा आवाज होतो. गेले की पुन्हा नळाचं टपकणं ऐकू येतं. पैशापायी का होईना, पाऊल वाजतं, मला तेवढं पुरतं. पुरतं म्हणजे, पुरवून घेते.

पण इस्पितळात पडल्या पडल्या मला एकच विचार येत होता. तुम्ही मला सगळ्यांचं सांगितलंत. डॉक्टर बोलवायचे ते का, बोलवेनासे झाले ते का. आता येतात ते का, हेही मला तुमच्याच रीतीने कळलं. प्रत्येकाच्या येण्याजाण्यामागे कोणी काहीतरी देतं किंवा कापून घेतं. तुमचं मात्र मला उलगडत नाही. इकडे यायचे तुम्हाला कोणी पैसे देत नाही, खरं आहे, पण आलात म्हणून कोणी कापूनही घेणार नाही. बैठका तर आयुष्यभर होत्या. दादांना पोचवायला आलात ते शेवटचे. मी जमलं तर या, जमलं तर या असं लिहीत राहिले, कारण तुम्हाला ओझं वाटू नये. आता तसं लिहीत नाही. सरळ विचारते.

भावजी, तुम्ही का येत नाही?

वहिनी


(तारीख घातलेली नाही)

ती. वहिनी,

तुमच्या प्रश्नाला उत्तर लिहायला रोज बसतो. माणसं का जातात आणि का जात नाहीत हे सांगण्याचा मला पगार मिळतो, आणि ह्या एका माणसाचं मला सांगता येईना. शेवटी जे सुचलं ते लिहितो, नीट जुळलेलं नसेल.

दादाला पोचवून परत आलो तेव्हा इथे माझ्यासाठी काहीच बदललं नाही. तो आधीही इथे नव्हताच, तिकडे होता. तुमची पत्रं येत राहिली, त्यात घर होतं, जिना होता, खालचं दुकान होतं. इथे बसून मला असं समजता येत होतं की तोही तिथेच आहे, फक्त पत्र तुम्ही लिहिता. तसं ते आधीही तुम्हीच लिहायचात. तिकडे आलो असतो तर खुर्ची रिकामी दिसली असती. ते मला नको होतं. त्या खुर्चीत तुम्ही धापा टाकत बसला होता आणि मी इथे ती रिकामी दिसेल याची काळजी करत होतो.

आणि दुसरं असं की एकदा गेलो नाही की दुसऱ्यांदा न जाणं सोपं जातं. कोणी जाब विचारत नाही. तुम्ही तर कधीच विचारला नाही. न येण्यात माझं काही गेलं नाही, असं मी धरून चाललो होतो. ते तसं नव्हतं. ऑफिसातून आलो की दिवा लावतो आणि सकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघत नाही. तुम्ही घशाचं लिहिलं होतंत, ते वाचून मी पुढच्या ओळीवर गेलो, कारण ते माझंही होतं.

बैठक काल झाली. प्रस्ताव मंजूर झाला. मी एक कलम घालायला सांगितलं होतं, यादीतलं म्हातारं माणूस यायचं थांबलं तर डॉक्टरने स्वतः जाऊन बघावं, आणि त्याचे त्याला वेगळे पैसे मिळावेत. पुढच्या वर्षी विचार करू म्हणाले. पुढच्या वर्षी मी तिथे नसेन. हे मी कोणाला सांगायचं म्हणून तुम्हाला सांगतोय.

हे पत्र टपालपेटीत टाकायला निघालो होतो. मग लक्षात आलं की टाकलं तर ते पोचेल, तुम्ही उत्तर लिहाल, आणि मी पुन्हा वाचत बसेन. म्हणून टाकत नाही, घेऊन येतो. समोर उभं राहून यातलं एकही वाक्य मला बोलता येणार नाही. तेव्हा दार उघडलंत की काही विचारू नका. हे हातात घ्या आणि वाचा. तुमचं वाचून होईपर्यंत मी खिडकीपाशी उभा राहीन. झालं की मला हाक मारा.